वडिलांचा सदरा

माणूस गेल्यावर काय काय करायचं, हे सांगणारे आम्हाला खंडीभर भेटले. काय ठेवायचं, हे एकानंही सांगितलं नाही.

वडील गेले आणि आष्ट्याच्या घरात नुसती घाई सुरू झाली. मृत्यूचा दाखला, बँक, सातबाऱ्यावर वारसांची नावं. रक्षाविसर्जनाच्या सकाळी चुलते म्हणाले, "कपडे घरात ठिवू नगा. बघितलं की वैनी रडत बसतील." झालं! वडिलांचे होते नव्हते तेवढे कपडे आम्ही नदीवर नेऊन सोडले. अगदी दोरीवर टांगलेला सदराही मागं ठेवला नाही.

आमची म्हैस वडिलांशिवाय कुणाला धार काढू देत नसे. ते दवाखान्यात असताना आई त्यांचा सदरा अंगात घालून धारेला बसायची, मग त्या वासानं म्हैस पान्हा सोडायची. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या घाईत कुणाला आठवलं नाही.

संध्याकाळी आई धारेची चरवी घेऊन आली आणि रिकाम्या दोरीकडं बघत राहिली. चुलते ओशाळले. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनी, म्हस इकून टाकू."

आई म्हणाली, "म्हशीचं भागंल, भावजी. मी कशाचा वास घ्यायचा?"