स्वतःहून बोलावणारी इमारत

रुबेन आपटेकर लग्नाला गेला की आधी नवरानवरीकडे बघत नाही, हॉलच्या मागच्या दाराकडे बघतो. दाराला कुलूप दिसलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. गेली तीस वर्षं तो पनवेल आणि आसपासच्या इमारतींत आग विझवायचे पंप बसवतोय, आणि बसवलेले पंप जिवंत आहेत की मेले ते अधूनमधून जाऊन बघतोय. दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्या दाखल्याला सगळे फॉर्म बी म्हणतात. पंप डोळ्यांदेखत चालल्याशिवाय रुबेन त्या कागदावर सही करत नाही. म्हणून बऱ्याच सोसायट्या दुसऱ्या कुणाची तरी सही आणतात.

लोक आगीला भीत नाहीत, नोटिशीला भितात, हे त्याचं आवडतं दुःख. ते तो रोज संध्याकाळी चहाबरोबर बायकोला, फ्लोराला ऐकवायचा. फ्लोरा बँकेतून रिटायर झालेली. मुलगी ओर्ली इस्रायलमध्ये, अश्दोदला. नात चालायला लागली ती या दोघांनी फोनवर पाहिली. फ्लोराला तिकडे जाऊन राहायचं होतं, निदान वर्षभर. रुबेन दर वर्षी ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचा. एकदा तिने सरळच विचारलं, "तुझं इथलं काम संपणार कधी?"

"एक तरी इमारत नोटीस नसताना, स्वतःहून मला बोलावू दे. त्या दिवशी दुकान बंद."

असं काही होणार नाही याची त्याला खात्री होती. फ्लोरालाही होती, म्हणून तिने दोन दिवस अबोला धरला.

आणि नोव्हेंबरात फोन आला. तळोज्याच्या एका अकरा मजली सोसायटीची सेक्रेटरी रंजिता बोलत होती. "काका, फायर सिस्टीममध्ये काहीतरी प्रॉब्लेम वाटतोय. येऊन एकदा टेस्ट कराल का? फुल प्रेशरने हां."

रुबेनने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. मग स्कूटर काढली.

प्रॉब्लेम काही सापडला नाही. तरी त्याने पूर्ण चाचणी घेतली. अंगणात पाइप सोडला, त्याचं तोंड वॉचमन भगवानच्या हातात दिलं आणि स्वतः तळघरातल्या पंपाच्या खोलीत दाबाच्या काट्यासमोर उभा राहिला. काटा सोडून तो कशावरच विश्वास ठेवत नाही. अर्ध्या तासाने वर आला तर अंगण ओलं, आणि बायकांचे चेहरे सणासारखे. एकीने त्याला सरबत दिलं. चाचणीनंतर सरबत! तीस वर्षांत त्याला शिव्या मिळाल्या होत्या, तंबी मिळाली होती, एका ठिकाणी कुत्रा मागे लागला होता.

आठवड्याने पुन्हा फोन. मग पुन्हा. तिसऱ्या फोननंतर फ्लोराने वीस जानेवारीची तिकिटं काढली. रुबेनला ‘थांब’ म्हणता येईना. उलट शनिवारी सिनेगॉगमध्ये तो छाती काढून बसला. दहा पुरुष जमल्याशिवाय तिथे प्रार्थना सुरू होत नाही, आणि नऊच जमले होते. दहावा येईपर्यंत बाकीच्या आठ जणांना उठून जाता येत नव्हतं. त्या सगळ्यांना त्याने तळोज्यातल्या लोकजागृतीबद्दल सविस्तर सांगितलं.

पाचव्या खेपेला, पंप सुरू करून काट्यासमोर उभा राहिल्यावर त्याला आकडे धुरकट दिसायला लागले. चष्मा स्कूटरच्या डिकीत राहिला होता. पंप तसाच चालू ठेवून तो वर आला.

अंगणात पस्तीस-चाळीस पिंपं रांगेने मांडली होती. बादल्या, हंडे, एक बाळाचा टबसुद्धा. भगवान खुर्चीत बसून चहा पीत होता. पाइपचं तोंड एका साठीच्या बाईने काखेत दाबून धरलं होतं. ती रंजिताची सासू जनी. ही इमारत जिथे उभी आहे तिथे एके काळी तिच्याच घरची भातशेती होती.

"ए कुमुद, तुजा एकच डरम! दुसरा मागं घे!" जनी ओरडली, आणि तिला रुबेन दिसला. "आगो बाय... दादूस वर आला."

रंजिता कुठूनतरी धावत आली. "काका, सॉरी. वरच्या टाकीला पाणीच येत नाही. आणि तुमची खालची टाकी कायम भरलेली."

"म्हणून प्रॉब्लेम वाटत होता?"

"प्रॉब्लेम होताच ना. पाण्याचा."

"आणि आग लागली असती तर?"

"आग कवा लागंल तवा लागंल," जनी म्हणाली. "आंगोल रोजची हाय."

रुबेन एका उपड्या बादलीवर बसला. सिनेगॉगमधले आठ चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले. मग त्याने हळूहळू, कुणावर न चिडता सांगितलं. बाहेरून येणारं पाणी आधी आगीच्या टाकीत पडतं. ती भरली की तिच्यावरून वाहून जातं ते घरांना मिळतं. आगीची टाकी जेवढी उपसाल, तेवढं दुसऱ्या दिवशी नळाला कमी येणार.

चालू पाइपचं पाणी टबावरून वाहत राहिलं.

"म्हंजे पाच येला आमी आमच्याच घरात चोरी केली?" जनीने विचारलं.

"पाच वेळा. माझ्या देखरेखीखाली."

जनी मोठ्याने हसली. हसतानाही पाइप हलला नाही. एक पाय पुढे, पाइप काखेत, कोपर बरगडीला टेकलेला. पहारेकऱ्यांना हे शिकवताना रुबेनची अर्धी हयात गेली होती.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"पैल्यांदा या पायपानं मला आडवं पारलं. मंग आपोआप येतं."

रुबेन उठला. "लाइट गेली तर पंप कसा चालणार?"

"बाजूला डिझेलचा हाय ना. सोताहून चालू व्हतो. नाय झाला तर हिरवा खटका."

"आणि लाइटच्या मीटरलाच आग लागली, तर हे पाणी मारणार?"

"येडा हाय का दादूस? आदी लाइट बंद!" मग तिनेच हळूच सांगितलं, "त्या ल्हान मोटारीला खोकला हाय बग. दोन हप्तं झालं."

खाली जाऊन त्याने कान लावला. खोकला होता. त्याला स्वतःला तो ऐकू आला नव्हता.

मोटार दुरुस्त झाली. जनीने तळघराची किल्ली पदराला बांधून टाकली आणि टाकीवर कुणाला फिरकू दिलं नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाकण उघडून, काठोकाठ पाणी बघून रुबेनने सही केली.

घरी फ्लोरा बॅगेवर बसून चेन ओढत होती. इतके दिवस तिला काही सांगितलं नव्हतं, आजही नाही सांगितलं तरी विमान उडणारच, हे त्याला कळत होतं. पण ते न बघता सही केल्यासारखं झालं असतं.

"फ्लोरा, ती माणसं मला आगीसाठी बोलवत नव्हती. पाणी भरायला बोलवत होती." आणि त्याने सगळं सांगितलं.

ती बॅगेवरून उठली नाही. "नोटीस आली होती त्यांना?"

"नाही."

"फोन त्यांनीच केला?"

"हो."

"त्या बाईला पंप चालवता येतो?"

"येतो. माझ्याहून बरा."

"मग हरकत कसली?"

आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना असे प्रश्न विचारले होते. उत्तरं देणाऱ्याच्या खुर्चीत तो पहिल्यांदाच बसला होता, आणि त्याला काही त्रुटी सापडेना.

"हरकत नाही," तो म्हणाला.

"मग ये, या बाजूने दाब."

त्याने गुडघा लावला. चेन बंद झाली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ओर्लीच्या इमारतीचा जिना किती रुंद आहे गं?"

"गेल्यावर मोज," फ्लोरा म्हणाली. "टेप ठेवलीय मी."