दुपट्ट्याबाहेरचा आकडा

सौंसरच्या बैलबाजारात सुधाकर दलालाच्या तोंडून भाव कुणी ऐकलेला नाही. सौदा व्हायचा दुपट्ट्याखाली, बोटं दाबून. घेणारा-देणारा सोडून तिसऱ्याला आकडा कळला तर तो दलाल कसला? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलेलं.

त्याच घरातली त्याची लेक प्रज्ञा नेमकी ओपन सोर्सच्या नादी लागली. म्हणजे कुणीही आत डोकवावं, कुणीही दुरुस्त करावं असं उघडं सॉफ्टवेअर. त्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना उन्हाळाभर मानधन देणारी एक योजना होती. निवड आधी केलेलं काम पाहून व्हायची; झाली तर एमसीएची फी निघणार होती. नाही झाली, तर जूनपासून रामाकोन्यात मामाच्या कापड दुकानाचा गल्ला सांभाळायचा, हे बापानं ठरवूनच टाकलं होतं.

पोरगी हट्टाला पेटली. मराठी पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर तिनं निवडलं. जोडाक्षर आलं की ते अडखळायचं. पण स्वतः अडखळली की प्रज्ञा त्या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शक हिमानीताईंना गुपचूप निरोप पाठवायची. चारचौघांत अज्ञान दाखवणं म्हणजे बाजारात आपल्याच बैलाची खोड सांगणं. हिमानीताईंचं उत्तर दर वेळी तेच : "सगळ्यांसमोर विचार. झाकून केलेलं काम निवडताना मला दाखवता येत नाही."

प्रज्ञाला रागच आला. दोन दिवस तिनं काही लिहिलं नाही. मग दुकानाचा गल्ला डोळ्यांपुढे आला आणि ती सगळ्यांना दिसणाऱ्या चर्चेच्या पानावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायला बसली.

"काय लिहून राहिली व?" सुधाकरनं विचारलं.

"मले काय येत नाही, ते लिहून राहिली बाबा. सगळे वाचतीन."

"आपली खोड आपणच सांगतं? मंग भाव कोण देईन तुले?"

"हासतीन तं हासू द्या. दुकानात मी बसत नाही."

तिनं बटण दाबलं तेव्हा कान तापले होते. एकानं फटकन लिहिलं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. तिला रडू आलं. दुसऱ्यानं मात्र चूक नीट उलगडून दाखवली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. एप्रिल सरेपर्यंत जोडाक्षरं सुरळीत वाचली जाऊ लागली.

मे महिन्यात निवड कळली. हिमानीताईंनी लिहिलं होतं, "काम चांगलं आहेच. पण तुझे प्रश्न वाचून मागून येणारी मुलं वाट काढताहेत, ते मला जास्त मोलाचं वाटलं."

सुधाकरनं सगळं ऐकून घेतलं, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि तसाच बाजाराला निघून गेला. प्रज्ञाला ते लागलं.

दुपारी ती त्याचा डबा घेऊन गेली. टपरीवर कुणीतरी सहज विचारलं असावं, पोरीचं काय झालं म्हणून. जन्मात एक आकडा तोंडानं न उच्चारलेला तो माणूस पोरीचं मानधन सांगत होता, आणि रस्त्यापलीकडे उभ्या प्रज्ञाला ते स्पष्ट ऐकू येत होतं. ज्यांनी ऐकलं नव्हतं, त्यांना त्यानं पुन्हा सांगितलं.