कापसाचा तंतू

गादीवालीची गादी मऊ, जीभ मात्र तिखट. गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजून खोळीत भरायचा आणि भरता भरता दिसेल त्याला फैलावर घ्यायचं, हा तिचा रोजचा शिरस्ता. तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांत तंतू जायचे. ओल्या फडक्याचं टोक फिरवलं की काम भागायचं. डोळ्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं, हे त्या कारखान्यात कुणाच्या गावीही नव्हतं.

नवरा गेल्यावर चार वर्षांच्या पोरीला ती सोबत आणू लागली. पोरीचं जेवण म्हणजे चहात बुडवलेला पाव. भाजी दिसली की तोंड फिरवायची. "पोट भरलं ना, मग झालं तर," आई म्हणायची.

गोवर येऊन गेला आणि पोर दिवे लागायच्या वेळी उंबऱ्याला अडखळायला लागली. "डोळे काय घरी विसरलीस?" आई खेकसायची. मग एकदा पोरीच्या डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका दिसला, फेसासारखा. आईला तो तंतूच वाटला. रोज संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन पुसायची. थोडा निघायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"मेला चिवटच आहे हा कापूस!" ती म्हणायची. असा महिना गेला.

बुबुळ धुरकटलं तेव्हा कुठे तिच्या पायाखालची जमीन सरकली. पोरीला उचलून ती दवाखान्यात धावली. डॉक्टरीणबाईंनी लगेच औषध पाजलं.

"अ जीवनसत्त्व उरलंच नव्हतं हिच्या अंगात. उजवा वाचेल. डावा गेला."

"मी पुसून पुसून घालवला का हो?"

"नाही, बाई. खाण्यात कमी पडलं, म्हणून डोळा वाळत गेला. आधी आणायला हवं होतंत."

महिनाभर रोज तिने त्याच डोळ्यात पाहिलं होतं, अगदी जवळून. तिखट जिभेची बाई त्या दिवशी बाकावर बसून नुसती रडली.

आता पोर भाजी खाते, कुरकुरत का होईना. रस्त्यावर गाडीचा धक्का लागू नये म्हणून आई नेहमी तिच्या डाव्या अंगाने चालते. परवा पोरीने मध्येच हात सोडवून घेतला.

"आई, तू या बाजूला नको ना येऊस."

"का गं?"

"इथे आलीस की तू नसतेस."