कुल्याश आपाचा उजवा पाय

कुल्याश आपा आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहते. तेमिरताऊच्या पोलाद कारखान्यात तिने उभा जन्म क्रेन चालवली. निवृत्तीनंतर एका सकाळी चहात दूध ओतताना तिच्या हातातून भांडं सुटलं. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली.

नवरा ऐतकुल तिला कारागांदाच्या पुनर्वसन केंद्रात घेऊन गेला. काही आठवड्यांनी तिला तिथल्या रोबोवर चढवलं. छातीला, कमरेला पट्टे बांधून वरून टांगायचं, पाय यंत्राच्या पायांत अडकवायचे. खाली ट्रेडमिल सरकत राहते. आपले पाय उचलले जाताहेत हे बघून आपा हरखली. लगेच सुनेला फोन लावला. "गुलसिम, चालतेय गं मी!"

नातू तेव्हा धरून उभा राहायला लागला होता. आमच्याकडे मूल पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांत दोरी बांधून ती कापतात. कापणाऱ्याची चाल मुलाला लागते, असं मानतात. हा मान आपाचा, हे घरात आधीच ठरलं होतं.

पण रोबोतून काढून आपाला आधाराच्या दांड्यांच्या मध्ये उभं केलं, की गुडघा दुमडायचा.

"लबाड आहे तुमचं यंत्र," ती फिजिओथेरपिस्ट दिनाराला म्हणाली. "त्यात चालते, बाहेर आले की कोसळते."

"आपा, त्यात रोबो चालतो. तुम्ही नुसत्या लटकता," दिनारा म्हणाली. "जोर तुम्ही लावायचा. मी त्याची मदत थोडी कमी करते."

मदत कमी झाली तसा पाय अडखळू लागला. आपा घामाघूम झाली, रडायला लागली. ऐतकुल मध्ये पडला. "का छळताय तिला? वाढवा पुन्हा." दिनाराने वाढवली. असेच काही दिवस गेले.

मग ऐतकुल मुलाशी फोनवर बोलत असताना आपाच्या कानावर पडलं, की दोरी विहीणबाई कापणार. त्यांनीच सुचवलं होतं : पोराला लंगडी चाल नको. दुसऱ्या दिवशी पट्टे बांधून झाल्यावर आपा दिनाराला म्हणाली, "कमी कर."

"किती?"

"मी शिव्या देईपर्यंत."

ऐतकुल काही बोलणार तोच ती खेकसली, "अहो, तुम्ही बाहेर बसा. चहा प्या!"

समारंभाला आम्ही सगळे शेजारी होतो. आपा काठी टेकत, पाय ओढत, पण आपल्या पायांनी दारातून आत आली. विहीणबाई गडबडल्या. हातातली सुरी पुढे करून म्हणाल्या, "घ्या, तुम्हीच कापा."

"माझी मूठ अजून वळत नाही," आपा म्हणाली. "तुम्ही कापा. मी याला धरते."

दोरी विहीणबाईंनी कापली. पोरगा दोन पावलं चालून सतरंजीवर बसला आणि त्याने भोकाड पसरलं.

नंतर मी आपाला विचारलं, "राग गेला का?"

"छे! पण सुरी पुढे करताना तिचं तोंड पाहिलंस ना?"

पाय अजूनही ओढतोच. रस्त्यावरचं बर्फ गोठलं की ती खाली उतरत नाही. पाव ऐतकुल आणतो, आणि तो शिळा निघाला की तिचा आवाज आमच्या मजल्यापर्यंत येतो.