टॉर्च पक्का बसेना

आमचे हे सायकलवरून पडले ते दिवाळीनंतरच्या थंडीत, कामावर जाताना. गोरव्याच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये आहेत, आणि पहिली पाळी गाठायची तर प्रतापनगरहून अंधारातच निघावं लागतं. बडोद्याला थंडीत उजाडतं उशिरा. नागपूरची माझी बहीण सकाळी फोनवर "इथे ऊन आलं गं" म्हणते, तेव्हा इथे दारातल्या दूधवाल्याचं तोंडसुद्धा दिसत नसतं. पाण्याच्या लाइनीसाठी रस्ता खणून ठेवला होता, त्या चरात यांचं पुढचं चाक गेलं. गुडघा फुटला, कोपर सोलवटलं, आणि डब्यातली भेंडी सगळी रस्त्यावर.

गुडघ्याला औषध लावता लावताच मी जाहीर करून टाकलं, "आता सायकल बंद. कंपनीच्या बसने जायचं."

"रस्ता दिसला नाही म्हणून पडलो. उजेड दे, मग बोल."

"आणि परत पडलात तर?"

"तर विकून टाक."

यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोड्यावर होते म्हणे. घोडा गेला, फौज गेली, पण सायकलवर बसले की यांच्या पाठीत तोच ताठा येतो. दिवसभर चार भिंतींत लोखंडाची मापं घेणाऱ्या माणसाला तेवढीच मोकळी हवा, हे मलाही कळत होतं. म्हणून ठरलं ते असं: घरातला तो चांगला धातूचा टॉर्च सायकलला पक्का बसवायचा. बसला तर सायकल राहील. नाही बसला, किंवा हे पुन्हा पडले, तर उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी सायकल भंगारवाल्याला.

"तूच बसव," हे म्हणाले. घरातला खिळासुद्धा मला ठोकू न देणारा माणूस! मला वाटलं, गुडघा दुखत असेल बिचाऱ्याचा. आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. मी घरी ब्लाउज शिवते, माप घेणं माझंही काम आहे, आणि एखादी वस्तू का टिकते, का सुटते, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. फक्त आमच्या दोघांच्या मापांत फरक आहे. कापडात थोडं इकडेतिकडे झालं तर इस्त्रीने बसतं. यांच्या लोखंडात ते चालत नाही, आणि हे ते लोखंड घरीसुद्धा आणतात. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं की जेवण सोडून उठतात. पोळी गोल नसली तर बोलत नाहीत, पण ताटात फिरवून फिरवून बघतात. असा राग येतो मला!

पहिला प्रयोग जुन्या ट्यूबचा. फुटक्या ट्यूबची लांब पट्टी कापली, टॉर्च हँडलवर आडवा धरून आठच्या आकड्यासारखे वेढे घातले, ओढून गाठ मारली. रबर लोखंडाला चांगलं धरतं. हाताने हलवून बघितला, जागचा हलेना. मी खूश. संध्याकाळी हे घरी आले ते तक्रार घेऊनच, "प्रत्येक गतिरोधकाला मान टाकतो. अर्ध्या रस्त्यात माझ्या पायाला उजेड दाखवत होता." खरं होतं ते. मी हँडलवर लाटण्याने ठोकून बघितलं तर प्रत्येक ठोक्याला टॉर्चचं तोंड जरासं खाली जायचं. रबर घट्ट धरतं, पण हादऱ्याला ताणलं जातं, आणि टॉर्चचं तोंड जड. हे आधी सुचायला हवं होतं.

दुसरा प्रयोग प्लास्टिकच्या पट्ट्यांचा, ते वायरमन लोक वायरी बांधायला वापरतात ते. एकदा ओढले की मागे सरकत नाहीत. चार लावले. आता मान टाकायचा नाही, पण अख्खा टॉर्चच हँडलभोवती फिरायचा, कारण धातूवर धातू, धरायला काही नाही. शिवाय चार्जिंगला काढायचा तर रोज रात्री पट्टे कात्रीने कापा आणि सकाळी नवे लावा. माझी ब्लाउजची कात्री त्यात बोथट झाली. "राहू दे," हे म्हणाले, "नाही जमत तर नाही." एरवी माझी पाठ पुरवून काम तडीस नेणारा माणूस इतक्या लवकर 'राहू दे' कसा म्हणतो, हे मला जरा खटकलं. पण मी हट्टाला पेटले होते, तिकडे कुठे लक्ष द्यायचं!

तिसरी गोष्ट सुचली ती चहा करताना. गॅसच्या नळीला तो स्क्रूचा क्लिप असतो ना, पत्र्याची गोल पट्टी, स्क्रू पिळला की आवळत जाते. नळी म्हणजे गोल, टॉर्च गोल, हँडलही गोल! चहा उतू गेला, जाऊ दे. अडचण एकच होती. हँडल आडवं आणि टॉर्च पुढे तोंड करून, म्हणजे दोन गोल एकमेकांना काटकोनात. मग एकाऐवजी दोन क्लिप घेतले तर? साखळीच्या कड्यांसारखे एकात एक अडकवायचे, एक हँडलला, एक टॉर्चला, आणि दोन्ही पिळायचे.

मी खंडेराव मार्केटला भाजीला गेले तेव्हा जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरले. मेथीच्या जुडीखालून टॉर्च काढला, गळ्यातली शिवणकामाची टेप काढली. दुकानदार बघतच राहिला. "बेन, आ तो गॅसनी नळी माटे छे."

"खबर छे भाई. मारे सायकल माटे जोईए." मला सायकलसाठी हवाय, म्हटलं.

"सायकलमां गॅस?"

मी हसून हसून बेजार. पण क्लिप मात्र त्याने मापाचे दिले.

घरी येऊन दोन्ही क्लिपांच्या आतून ट्यूबचं अस्तर लावलं, पहिल्या प्रयोगातलं शहाणपण वाया कशाला घालवा. डिसमिस घेतलं, आम्ही बडोदेकर स्क्रू पिळायच्या हत्याराला डिसमिसच म्हणतो, आणि पिळलं. लाटण्याने ठोकलं, बत्त्याने ठोकलं. टॉर्च ढिम्म! यांच्या सायकलचं हँडल जिथे वळतं तिथेच जागा होती, त्यामुळे क्लिप किंचित तिरका बसला होता. पण टॉर्चचं तोंड मी बरोबर समोर वळवून घेतलं होतं. यांनी येऊन त्यावर हात फिरवला, टॉर्च हलवून बघितला आणि "पक्का आहे" म्हणाले. तिरक्याबद्दल अक्षर नाही! मी मनात म्हटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारलं, "कसा वाटला?"

"बसलाय चांगला. पण उजेड फुटतो."

"फुटतो म्हणजे?"

"पसरतो. समोरून गाडी आली की सगळं पांढरं होतं."

आता उजेड कसा फुटेल? मी टॉर्चची काच टूथपेस्टने घासून लख्ख केली. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर उजेड पाडला. स्वच्छ गोल, कडासुद्धा रेखीव. तोंड थोडं खाली केलं, तर हे म्हणाले खड्डे दिसत नाहीत. थोडं वर केलं, तरी तेच. कधी नव्हे ते मी चिडले नाही. मला नवल वाटत होतं. भिंतीवर एक आणि रस्त्यावर एक, टॉर्च असा कसा वागेल? हे स्वतः बघायला हवं.

यांच्या सुट्टीच्या दिवशी मी पहाटे उठले. हे झोपलेले. पंजाबी ड्रेस घातला, यांची सायकल बाहेर काढली. मधल्या दांड्याची पुरुषी सायकल, शाळेत असताना चालवली होती तेवढीच. पहिल्यांदा टांग टाकताना ओढणी अडकली, दुसऱ्यांदा मीच पडता पडता वाचले. पण एकदा निघाले आणि काय सांगू! समोर रस्ता असा उलगडत होता. प्रत्येक खडा वेगळा, प्रत्येक खड्याच्या मागे त्याची सावली. गतिरोधक आला, मी मुद्दाम जोरात घातली, उजेड जागचा हलला नाही. समोरून टेम्पो आला, डोळ्यांवर उजेड पडला आणि गेला, रस्ता होता तसाच. पाण्याच्या लाइनीचा चर तर मला लांबूनच दिसला. त्याची कड, ढिगारा, ढिगाऱ्यावर झोपलेलं कुत्रं, सगळं.

चरापाशी सायकल थांबवून मी उभी राहिले. टॉर्च उत्तम होता. पक्का होता, सरळ होता, मी बसवला होता. मला इतका आनंद झाला, आणि मग यांचं 'उजेड फुटतो' आठवलं. टॉर्चमध्ये काही बिघडलेलं नव्हतंच कधी.

घरी आले तर हे दारात उभे. "सायकल घेऊन कुठे गेली होतीस?"

मी सायकल बोळात लावली आणि यांना घेऊन गॅलरीत आले. समोरच्या दुकानाची पाटी बऱ्यापैकी दिसायला लागली होती. "डावा डोळा झाका आणि वाचा."

"काय पोरखेळ आहे?"

"वाचा हो."

त्यांनी डोळा झाकला. वाचलं नाही. मग हात खाली घेतला आणि म्हणाले, "वर्ष झालं."

उजव्या डोळ्याने बटर पेपरातून बघितल्यासारखं दिसायचं, डावाही मागोमाग चालला होता. कारखान्यात मोठे आकडे दाखवणारी नवी मोजायची यंत्रं आली होती, त्यावर निभावत होते. काट्याचं माप वाचायची वेळ आली की शेजारच्याला म्हणायचे, तू बघ, माझे हात तेलाचे आहेत. डॉक्टरकडे का गेले नाहीत? यांच्या वडिलांचा डोळा ऑपरेशननंतरच गेला होता, आणि नंतरची सगळी वर्षं ते खिडकीशी बसून होते. हे त्यांना हाताला धरून अंगणात न्यायचे.

"मला भीती वाटते," हे म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला भांडता येईना. मी म्हटलं, "मलाही वाटते. चला."

मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं, तरी ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मी ओढणीचं टोक उसवून टाकलं. पट्टी निघाली ती दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांनी विचारलं, दिसतंय का? हे 'हो' म्हणाले, पण हे तर वर्षभर सगळ्यांना 'हो'च म्हणत आले होते. माझा विश्वास बसेना. रिक्षात काळा चष्मा लावून बसून होते, आणि मी चोरून त्यांच्याकडे बघत होते.

घरी आलो. बोळात सायकल उभी होती. त्यांना धरून मी तिच्या बाजूने नेत होते, तर हे थांबले. चष्मा जरा वर केला आणि हँडलकडे वाकले.

"हा क्लिप असा का बसवलाय?"

"असा म्हणजे?"

"दोन सूत तिरका आहे."

"दिसतंय तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं? कोणालाही दिसेल..." माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता, तो जरा घट्ट झाला. मी आधी त्यांच्यावर ओरडले, माझ्या कामाला नावं ठेवता म्हणून ओरडले, शेजारीण खिडकीत आली इतकी ओरडले, आणि मग तिथेच सायकलच्या सीटवर डोकं टेकून रडले.

"डिसमिस दे, सरळ करतो," हे म्हणाले.

"हात लावायचा नाही. उजेड सरळ पडतो, तेवढं पुरे."

उत्तरायण होऊन गेलं, भंगारवाला कितीदा तरी दारावरून ओरडत गेला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हे परत सायकलने जायला लागले. क्लिप अजून तसाच आहे. रोज पहाटे निघताना हे त्याच्याकडे बघून तोंड वाकडं करतात, आणि ते बघायला मी रोज गॅलरीत येऊन उभी राहते.