द्वारकामावशी आणि जेटीवरची कुत्री

मासळीचा लिलाव आटोपला की द्वारकामावशी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर चमचा वाजवायची. तीनदा, घाई न करता. मग मिरकरवाड्याच्या जेटीवर जाळ्यांच्या ढिगाआडून कुत्री बाहेर यायची आणि तिच्यासमोर गप्प बसायची. तारली माशांची डोकी ती एकेकाला हातानं भरवायची. "भुंकून मागायचं नाय, दुसऱ्याच्या वाट्यात तोंड घालायचं नाय," असं दरडावायची. मी तिथल्या शाळेत मास्तरीण. माझ्या वर्गातली मुलं एवढी शहाण्यासारखी कधी बसली नाहीत.

नवरा मासेमारीच्या बोटीवर तांडेल होता. तो गेल्यावर तिनं मासळीची पाटी डोक्यावर घेतली आणि कुत्र्यांचं हे खूळही. तोंडानं फटकळ. "त्यापेक्षा माणसांना घाल," कुणी म्हणालं, तर "माणसांना देवानं हात दिलेत," म्हणून मोकळी व्हायची. कुत्र्याच्या जखमेतले किडे अंबाड्यातली पिन काढून वेचायची आणि तीच पिन धुऊन परत अंबाड्यात खोचायची. मी तोंड फिरवायची. "बाय माझे, तुझी भूतदया फळ्यावर लिवण्यापुरतीच," हा तिचा टोमणा मी कितीदा ऐकला असेल.

मग एका मुलाला कुत्रं चावलं. सगळी कुत्री संपवा, असं जेटीवर उघड बोललं जाऊ लागलं. मावशी त्या मुलाच्या प्रत्येक इंजेक्शनाला सोबत गेली, पण पिलावळ थांबवली नाही तर कुत्री मारणार, हे तिलाही कळत होतं. नसबंदीसाठी अर्ज करून आम्ही थकलो. तेवढ्यात हैदराबादला प्राण्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांचं राष्ट्रीय संमेलन असल्याचं मी वाचलं. पत्र मीच लिहिलं. बोलावणं आल्यावर मावशी म्हणाली, "मी गेले तर ह्यांना बघणार कोण?" शेजारीण खायला घालील, असं मीच ठरवून टाकलं.

रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नाही, ही आमची रीत. मावशीनं आयोजकांसाठी घरी वाळवलेले कोळंबीचे उत्तम सोडे बांधून घेतले. जिथं प्राण्याचं म्हणून चहातसुद्धा दूध चालत नव्हतं, तिथं तिनं ती पुडी स्वागताच्या टेबलावर उघडली. मी शिकलेली बाई, पण मलाही आधी सुचलं नाही. एक मुलगी तोंडावर हात धरून बाहेर पळाली. दुसऱ्यानं पुडी दोन बोटांत धरून नेली. मावशी पदराशी चाळा करत उभी राहिली.

बोलायची पाळी आली तेव्हा कुणीतरी विचारलं, "आप मछली बेचती हैं?"

"व्हय. मासे मारतो, विकतो, खातो," मावशी म्हणाली. "मी पुण्य करायला नाय आले. माझी कुत्री मारतील. तेवढी वाचवा."

मी ते हिंदीत सांगितलं. मग एक वयस्क डॉक्टर उठले. पंधरा दिवसांत पथक घेऊन येतो म्हणाले आणि तारीख लिहून दिली. परतीच्या गाडीत मावशीनं तो कागद ब्लाऊजमध्ये जपून ठेवला.

गल्लीच्या तोंडाशीच शेजारीण रडत भेटली. आदल्या सकाळी कुणीतरी पत्र्यावर तीनदा चमचा वाजवला होता. कुत्री नेहमीसारखी रांगेत बसली आणि विष लावलेल्या तारल्या त्यांनी हातातून खाल्ल्या. उशिरा पोचलेली तीन तेवढी वाचली. कुणी केलं ते साऱ्या वाड्याला ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही. "माणसाच्या हातचं खायला मीच शिकवलं गो," मावशी एवढंच म्हणाली. तिला तिथून नेलं कुणी, हे ती एकदाही बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती तीन कुत्री शेपट्या हलवत तिच्याकडे आली, तेव्हा तिनं दगड उचलला. एक कुत्री कळवळून ओरडली. मी मावशीचा हात धरला. "सोड! मेली त्यापरीस लंगडी बरी." ती रोज दगड मारायची, आणि कोणी नसताना जाळ्यांमागं मासळीची डोकी टाकून, मागं न बघता निघून जायची. लोक म्हणाले, म्हातारीला वेड लागलं.

डॉक्टर दिलेल्या तारखेला आले. कुत्र्यांना बोलवा म्हणाले. "माझ्या हाकेला ती आता येत नाय," मावशी म्हणाली, "आणि तुमच्या पण येऊ नयेत." दोन दिवस जाळी घेऊन फिरून ते हात हलवत परत गेले.

गेल्या वर्षी मावशी वारली. त्याच्या आठवडाभर आधी, तापानं खंगलेली असताना, तिनं मला जेटीवर न्यायला लावलं. वाचलेल्या तिघांतली पांढरी कुत्री लांब उभी होती. तिची शेपटी किंचित हलली. मावशीनं हात वर केला. हातात दगड नव्हता, उचलायची ताकदही नव्हती. कुत्री जीव घेऊन पळत सुटली.

"शिकली," मावशी म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडली.