सतरा कलमं आणि एक बाटली

आमच्या गाडीच्या चारही कुलपांत मी स्वतःच्या हाताने खोबरेल तेल घातलं, आणि ते घालताना मी पूर्ण शुद्धीवर होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचा दोष कुणी थंडीला दिला, कुणी नशिबाला. मी आकड्यांचा माणूस आहे. दोष ज्याच्या खात्यावरचा त्याच्याच खात्यावर मांडलेला बरा.

ऐंशीच्या दशकातला तो एक जानेवारी. आम्ही कार्डिफला राहत होतो. सुधा, माझी बायको, तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि मी तिथल्याच लॅबमध्ये बायोकेमिस्ट. रोज सकाळी गेल्या गेल्या सगळ्या फ्रीजरची तापमानं वहीत लिहायची, हे माझं पहिलं काम. (हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.)

सोमवारी दुपारी दोन वाजता साउथहॅम्प्टनला सुधाची मुलाखत होती, कन्सल्टंटच्या जागेसाठी. ही चौथी. आधीच्या तीन मुलाखतींनंतर, आपण उत्तम आहात पण, अशा अर्थाची तीन पत्रं आली होती. सुधाने ती फाडली नव्हती. एका पाकिटात घालून कपाटात ठेवली होती. या वेळी नाही झालं तर परत अर्ज करणार नाही, असं तिने फ्लॉवर चिरता चिरता सांगितलं होतं. सुधा मोठे निर्णय भाजी चिरतानाच सांगते, आणि भाजी परत जोडता येते का, असं मी तिला कधी विचारलेलं नाही.

त्या मुलाखतीत मला करण्यासारखं काही नव्हतं. तिला वेळेवर तिथे पोचवायचं, एवढाच माझा वाटा. तो मी फार मनावर घेतला.

शनिवारपासून बर्फ पडत होता. रविवारी सकाळी सुधा म्हणाली, आपण आजच निघू या, रात्री तिथेच एखाद्या गेस्टहाउसमध्ये राहू. बोलणं साधं आणि शहाणपणाचं होतं. मी त्यावर कागद पुढे केला. अंतर एकशे तीस मैल. बर्फात ताशी तीस मैल धरले तर चार तास वीस मिनिटं. चहासाठी चाळीस मिनिटं. अनपेक्षित अडचणींसाठी एक तास. एकूण सहा तास. आठला निघायचं, दोनला पोचायचं.

"अनपेक्षित म्हणजे काय असणार आहे?" सुधाने विचारलं.

"काहीच नसणार. तरी तास धरलाय."

सुधाने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बघा हं," एवढंच म्हणाली. लग्नाच्या अकरा वर्षांत ते दोन शब्द मी जितक्यांदा ऐकले, तितक्यांदा मला नंतर काहीतरी भरून द्यावं लागलं होतं.

कडाक्याच्या थंडीसाठी गाडी तयार करण्याची माझी यादी सतरा कलमांची होती. रेडिएटरमध्ये निम्मं पाणी, निम्मं अँटीफ्रीझ; तेही मी मोजपात्राने घातलं. टायरमधली हवा दोनदा तपासली. टाकी काठोकाठ भरून आणली. काच पुसायच्या पट्ट्या काचेला चिकटू नयेत म्हणून उभ्या केल्या. बर्फ वितळवायचा स्प्रे, खरवडायची पट्टी, फावडं, टॉर्च, मिठाची पिशवी आणि लांब वायरचं एक्स्टेंशन असं सगळं साहित्य डिकीत लावलं. सकाळी घाई नको, म्हणून सुधाची सर्टिफिकेटांची फाइल, मुलाखतीचा कोट आणि चांगले बूटही तिथेच ठेवले. बॅटरी थंडीत मरगळते, म्हणून ती सोडवून घरात आणली, पॅसेजमध्ये हीटरशेजारी ठेवली आणि तिच्यावर माझी जुनी शाल घातली. येणाऱ्याला वाटावं, घरात कुणीतरी आजारी आहे.

सतरावं कलम होतं, कुलपं आणि दारांच्या खिट्ट्या यांत थोडं पातळ तेल सोडणे. माझ्याकडचा मशीनच्या तेलाचा डबा रिकामा निघाला, आणि तेव्हा इथे रविवारी दुकानं बंद. सोळा कलमांपुढे बरोबरची खूण झालेली आणि सतरावं कोरं! मला ते सहन होईना.

आता बाटलीबद्दल. आमच्या घरी खोबरेल तेल ऑक्टोबरात गोठतं ते एप्रिलपर्यंत दगड असतं. दर रविवारी न्हायच्या आधी सुधा ती बाटली हीटरवर ठेवते, तास दीड तासाने ते पाण्यासारखं पातळ होतं, मग ती डोक्याला लावते. म्हणजे आठवड्यात सहा दिवस दगड आणि रविवारी पातळ. सात हिवाळे हे मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो. पण तो रविवार होता.

"खोबरेल कुठे घेऊन चाललात?" सुधाने केस सोडता सोडता विचारलं.

"पातळ तेल हवंय," मी म्हणालो. "कुठलंही चालतं."

पुढच्या दोन दारांची कुलपं, डिकीचं आणि पेट्रोलच्या झाकणाचं, अशी चार. शिवाय चारही दारांच्या खिट्ट्या. थोडं सोडणे असं लिहिलं होतं; मी सढळ हाताने सोडलं, कारण प्रसंग महत्त्वाचा होता. मग सगळं बंद केलं, सतराव्या कलमापुढे खूण केली आणि यादीखाली सही केली.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचं थर्मामीटर उणे नऊ दाखवत होतं. बरोबर आठ वाजता मी किल्ली कुलपात घातली. ती अर्धी आत गेली आणि थांबली. मी वाकून पाहिलं. कुलपाच्या भोकात पांढरंशुभ्र, गुळगुळीत असं काहीतरी घट्ट बसलं होतं. मी बाकीची तीनही कुलपं पाहिली. चारही सारखी. कामात कसूर नव्हती.

स्प्रे मारावा म्हटलं, तर स्प्रे डिकीत. सुधाने केस वाळवायचा ड्रायर आणला, तर त्याची वायर दारापर्यंतच, आणि एक्स्टेंशन डिकीत. टॅक्सी बोलवावी, तर फाइल, कोट आणि बूट डिकीत. घरात पॅसेजमध्ये बॅटरी शाल पांघरून मजेत होती. पण ती बसवायला बॉनेट उघडावं लागतं, आणि बॉनेटचा खटका गाडीच्या आत. एकूण काय, थंडीवरचा प्रत्येक उपाय मी थंडीतच कुलूपबंद करून ठेवला होता.

सुधा स्लिपर घालून बर्फात उभी होती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त घड्याळ पाहत होती. त्या क्षणी मला तिची ती तीन पत्रं दिसली, आणि चौथं न येताच पाकीट बंद होणार, असं वाटलं.

सव्वानऊला शेजारचा ग्रिफिथ बाहेर आला. खाणीतून निवृत्त झालेला म्हातारा, तोंडात कायम सिगारेट. महिन्याभरापूर्वीच मी त्याला दिवसाच्या सिगारेटींना तीनशे पासष्टने गुणून दाखवलं होतं, तेव्हापासून तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत असे. त्याने कुलपात डोकावून विचारलं, यात घातलंय काय? तेल, मी म्हणालो. कसलं तेल?

"केसांचं," सुधा म्हणाली.

त्याने शांतपणे माझ्या डोक्याकडे पाहिलं. (तेव्हाही तिथे फारसं काही नव्हतं.) मग खिशातून लायटर काढला, किल्ली त्यावर तापवली, कुलपात घातली, काढली, परत तापवली. सातव्या खेपेला ड्रायव्हरचं दार उघडलं. मग डिकी उघडली. मला म्हणाला, आता गुणाकार कर, एका सिगारेटीमागे किती दारं.

बॅटरी बसवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली! सोळा कलमं बिनचूक होती, हे मला इथे नमूद करायचं आहे. पण बाकीची तीन दारं उघडेनात, आणि जे उघडलं ते मिटेना, कारण त्याची खिट्टी तेलात गोठून बसलेली. कपडे वाळत घालायची दोरी मी दाराच्या आतल्या मुठीला बांधली.

"मी चालवते," सुधा म्हणाली. "तुम्ही दार धरा."

मी ड्रायव्हरच्या सीटवरून मागे सरपटलो आणि तिच्या पाठीमागे दोरी हाताला गुंडाळून बसलो. नऊ पन्नासला निघालो. अनपेक्षितासाठी ठेवलेला तास संपून वर पन्नास मिनिटं गेली होती. चहा रद्द केला तरी दहा मिनिटं उशीर, हे मी मनात काढलं होतं. मोठ्याने सांगितलं नाही. सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडला, हीटर नीट तापला आणि गाडीभर रविवारचा वास सुटला, न्हायच्या आधीचा. पन्नासाव्या मैलाला खट्ट आवाज होऊन दार आपोआप बसलं. माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. मी दोरी सोडली नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. कोट चढवून, फाइल घेऊन सुधा आत पळाली. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. उशिराचं कारण विचारल्यावर तिने खरं तेच सांगितलं. समितीतली माणसं बराच वेळ हसली. मग अध्यक्षांनी विचारलं, आपले यजमान काय करतात? बायोकेमिस्ट आहेत, सुधा म्हणाली. त्यावर म्हणे कुणीच हसलं नाही. एका बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

चार वाजून गेल्यावर ती पार्किंगमध्ये आली. मी मागच्या सीटवर तसाच बसलेलो. तिने खिडकीतून माझ्या हाताकडे पाहिलं. दोरीचे वळ उठले होते.

"सोडा आता," ती म्हणाली. "मिळाली जागा."

पुढच्या हिवाळ्यात, साउथहॅम्प्टनला, मी यादी पुन्हा बाहेर काढली, तेव्हा सतराव्या कलमाखाली सुधाच्या अक्षरात अठरावं आलं होतं. 'खोबरेल : फक्त डोक्याला.'

दर वर्षी मी गाडीभोवती फिरून सतराही कलमं तपासतो. मग घरात येतो, टोपी काढतो, आरशात बघतो आणि अठराव्यापुढे लिहितो, 'लागू नाही.'